काढून टाकलेलं सॉफ्टवेअर मागे काय ठेवतं, आणि का?



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका बाईंनी आम्हाला गाठलं. म्हणाल्या, "सर, मी एक प्रोग्रॅम काँप्युटरवरून रीतसर काढून टाकला. 'यशस्वीरीत्या काढला' असा संदेशही आला. महिन्याने बघते तर त्याच्याच नावाचं फोल्डर तिथं बसलेलं. मग तो प्रोग्रॅम आहे की नाही?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. 'आहे की नाही' हे शब्द कानावर पडले की आम्ही सावध होतो. चहा संपेपर्यंत उत्तर देऊन व्हावं इतका तो प्रश्न लहान नव्हता, म्हणून आजचं व्याख्यान त्याच्यावर.

आधीच सांगतो, आम्ही काही संगणकाचे अभियंते नव्हे. जे शिकलो ते वापरता वापरता आणि विद्यार्थ्यांना विचारून. पण ह्या प्रश्नात यंत्राइतकाच विचाराचा भाग आहे. 'काढून टाकणं' ह्या क्रियेचा अर्थ काय, आणि मागे उरलेली वस्तू कुणाची, हे ठरवल्याशिवाय कुठलाही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही.

यादी कुठे संपते

सॉफ्टवेअर बसवताना काय होतं ते आधी पाहू. आपल्याला वाटतं, एक वस्तू आणली आणि कपाटात ठेवली. तसं ते नसतं. इन्स्टॉलर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम फायलींचा गठ्ठा सोडतो आणि त्या वेगवेगळ्या जागी ठेवतो. विंडोजमध्ये मुख्य फायली 'प्रोग्रॅम फाईल्स' ह्या फोल्डरात जातात, काही थेट सिस्टिमच्या फोल्डरात जातात, स्टार्ट मेनूत शॉर्टकट तयार होतो आणि रजिस्ट्रीत नोंदी होतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मध्यवर्ती नोंदवही. कुठला प्रोग्रॅम कुठे आहे, कुठल्या प्रकारची फाईल कोणी उघडायची, असं सगळं तिच्यात असतं. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हापासून तिचा वापर सर्रास सुरू झाला. त्याआधी प्रोग्रॅम आपल्या सेटिंग बहुधा साध्या मजकुराच्या 'आयएनआय' फायलींत ठेवायचे.

हे सगळं करताना इन्स्टॉलर एक यादी लिहून ठेवतो: अमुक फाईल अमुक जागी ठेवली, अमुक नोंद केली. काढायची वेळ आली की अनइन्स्टॉलर तीच यादी हातात घेतो आणि उलटं काम करतो. म्हणजे अनइन्स्टॉलरला तुमचा काँप्युटर ठाऊक नसतो, त्याला फक्त यादी ठाऊक असते.

मंगल कार्यालयातला हिशोब आठवा. सकाळी व्यवस्थापक ताटं, वाट्या, पातेली, सतरंज्या मोजून देतो आणि रात्री तेवढंच मोजून परत घेतो. पण दिवसभरात त्या हॉलमध्ये यादीबाहेरचं बरंच काही जमलेलं असतं. आहेराची रिकामी पाकिटं, फुलांच्या माळा, डब्यात उरलेले लाडू, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणाची तरी विसरलेली शाल. ह्यातलं काहीही सकाळच्या यादीत नाही. आता त्या व्यवस्थापकाने काय करावं? माळा फेकता येतील. शाल फेकता येईल का?

प्रोग्रॅमचंही असंच आहे. तो बसवल्याच्या दिवशी यादी संपते आणि त्याचं खरं आयुष्य दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तुम्ही तो वापरता, मग तो तुमच्या आवडीनिवडी टिपतो, अलीकडे उघडलेल्या फायलींची नावं लक्षात ठेवतो, तात्पुरत्या प्रती करतो, लॉग लिहितो, तुम्ही भर घातलेले शब्द साठवतो. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ह्या गोष्टींसाठी प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली 'ॲपडेटा' नावाचं फोल्डर असतं आणि ते सहसा लपवलेलं असतं. तिथं जे साचतं त्यातलं बरंचसं मूळ यादीत नसतं.

त्यात आणखी एक नियम असा की, सावधपणे लिहिलेला अनइन्स्टॉलर फोल्डर रिकामं असेल तरच काढतो. आत यादीबाहेरची एक जरी फाईल असली तरी तो फोल्डरला हात लावत नाही. त्या बाईंच्या फोल्डराचं तांत्रिक उत्तर बहुधा एवढंच. प्रोग्रॅम गेला, पण आत अशी एखादी फाईल होती जी त्याच्या यादीत नव्हती, आणि त्या एका फाईलसाठी अख्खं फोल्डर राहिलं.

सामाईक भिंत

यादीत असूनही न काढलेल्या फायली हा दुसरा प्रकार. इथे कारण वेगळं आहे.

विंडोजमध्ये 'डीएलएल' नावाच्या फायली असतात. अनेक प्रोग्रॅमना लागणारं एखादं काम, समजा छापण्याचं किंवा चित्र दाखवण्याचं, प्रत्येकाने आपापलं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवायचं आणि सगळ्यांनी वापरायचं, अशी ती सोय. जुन्या वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीसारखी. एका बिऱ्हाडाने जाताना 'ही आमची भिंत' म्हणून ती पाडून नेली तर शेजाऱ्याचं काय होईल?

म्हणून विंडोजने मोजणी ठेवली. सामाईक फाईल कुणी बसवली की रजिस्ट्रीतला तिचा आकडा एकाने वाढायचा, कुणी गेलं की एकाने कमी व्हायचा, शून्य झाला की फाईल काढायला हरकत नाही. कागदावर हे चोख आहे. पण एखाद्या इन्स्टॉलरने आकडा वाढवलाच नाही तर? मग एक जण अजून ती फाईल वापरत असतानाच आकडा शून्यावर येतो. उलट, कुणी अनइन्स्टॉलर न वापरता फोल्डर हाताने पुसून टाकलं तर आकडा कधीच कमी होत नाही आणि फाईल कायमची राहते. नव्वदच्या दशकात ज्यांनी विंडोज वापरलं त्यांना तो प्रश्न आठवत असेल: 'ही सामाईक फाईल आता कुणी वापरत नसावं असं दिसतं, काढू का?' आम्ही दर वेळी 'नको' म्हणायचो. आपल्याला खात्री नाही, यंत्रालाही नाही. अशा वेळी फाईल राहिली तर थोडी जागा जाते, आणि चुकून गेली तर दुसराच एखादा प्रोग्रॅम उघडेनासा होतो. त्या काळी ह्या गोंधळाला 'डीएलएल हेल' असंच म्हणायचे. पुढे १९९९ च्या सुमारास, ऑफिस २००० बरोबर, मायक्रोसॉफ्टने 'विंडोज इन्स्टॉलर' ही सामाईक व्यवस्था आणली. बसवणं आणि काढणं ह्यांचा हिशोब एका ठिकाणी आला आणि शिस्त पुष्कळ सुधारली. पण यादी संपल्यानंतर जे तयार होतं त्याचा प्रश्न राहिलाच.

डेबियनने केलेला भेद

हा प्रश्न सगळ्यात स्वच्छ मांडला तो, आमच्या मते, डेबियनच्या लोकांनी. डेबियन ही लिनक्सची एक वाण. १९९३ साली इयन मरडॉक यांनी ती सुरू केली आणि आजही जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. उबुंटू तिच्यावरच उभी आहे.

डेबियनमध्ये प्रोग्रॅम काढायचे दोन वेगळे शब्द आहेत: 'रिमूव्ह' आणि 'पर्ज'. रिमूव्ह म्हटलं की प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या कॉन्फिगरेशनच्या फायली, म्हणजे तो कसा चालावा हे सांगणाऱ्या फायली, जागेवर राहतात. पर्ज म्हटलं की त्याही जातात. असं का? तर त्या फायली पॅकेजबरोबर आल्या असल्या तरी यंत्र सांभाळणाऱ्या माणसाने त्या बदललेल्या असतात. त्यात त्याच्या रात्री गेलेल्या असतात. उद्या त्याला तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवावासा वाटला तर ते कष्ट वाया जाऊ नयेत. पॅकेजांची यादी काढली तर अशा अर्धवट गेलेल्या पॅकेजपुढे 'आर-सी' अशी दोन अक्षरं दिसतात. 'आर' म्हणजे काढायला सांगितलंय, 'सी' म्हणजे कॉन्फिगरेशन अजून आहे. थोडक्यात, डेबियनने त्या बाईंच्या प्रश्नाला तिसरं उत्तर दिलं. 'आहे' आणि 'नाही' यांच्यामध्ये एक अवस्था असते, तिला त्यांनी नाव दिलं आणि ती उघडपणे यादीत दाखवली. रेड हॅटच्या घराण्यातली 'आरपीएम' पद्धत जरा निराळी: कॉन्फिगरेशनची फाईल तुम्ही बदललेली असेल तर काढताना ती 'आरपीएमसेव्ह' हे शेपूट लावून बाजूला ठेवतात.

पण गंमत पुढे आहे. डेबियनमध्ये पर्ज केलं तरी तुमच्या 'होम' फोल्डरातल्या फायलींना धक्का लागत नाही. कारण हा मालकीचा प्रश्न आहे. युनिक्सच्या परंपरेत एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करतात. प्रोग्रॅम काढायचा अधिकार यंत्र सांभाळणाऱ्याला आहे, पण प्रत्येकाचं होम हे ज्याचं त्याचं घर. सोसायटीच्या सचिवाने सामाईक टीव्ही काढून टाकला म्हणून तो तुमच्या घरात शिरून तुम्ही रेकॉर्ड केलेल्या कॅसेट घेऊन जाऊ शकत नाही. डेटाबेसच्या पॅकेजचंही तसंच. मारियाडीबी पर्ज करायला गेलात तर ते थांबून विचारतं, आतला डेटाही काढायचा का? प्रोग्रॅम पुन्हा आणता येतो, आत भरलेला डेटा येत नाही.

मॅकवाल्यांना वाटतं आपल्याकडे ही भानगडच नाही, ॲप्लिकेशन ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं की झालं. पण होममधल्या 'लायब्ररी' फोल्डरात त्याच्या सेटिंग, कॅश आणि आधारफायली बहुधा तशाच असतात.

घट फुटल्यावर

आता थोडं आमच्या विषयाकडे येऊ. न्यायवैशेषिकांनी 'नसणं' ह्या गोष्टीचे चार प्रकार सांगितले. त्यातले दोन आज आपल्या कामाचे. घट घडवण्याआधी घट नव्हता, हा प्रागभाव. घट फोडल्यावर घट नाही, हा प्रध्वंसाभाव. दोन्ही वेळा आपण 'इथे घट नाही' असंच म्हणतो. पण न्यायशास्त्र म्हणतं, ही दोन नाहीपणं एक नव्हेत. पहिल्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे: घट घडला की तो संपतो. दुसऱ्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही: फुटलेला तोच घट पुन्हा होत नाही. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, फुटल्यावर तिथं खापऱ्या असतात.

अनइन्स्टॉलचं बटण दाबताना आपल्याला हवा असतो प्रागभाव, म्हणजे हा प्रोग्रॅम कधी आलाच नव्हता तसा काँप्युटर. यंत्र देऊ शकतं तो प्रध्वंसाभाव. मधल्या काळात तुम्ही त्या प्रोग्रॅमने लिहिलंत, हिशोब केलेत, फोटो सुधारलेत. ते सगळं 'नव्हतं' करायचं म्हटलं तर बसवण्याआधीची संपूर्ण डिस्कची प्रत परत आणावी लागेल. तसं करता येतं, पण मग मधल्या काळातलं तुमचं कामही त्याबरोबर जातं. ते तर कुणालाच नको असतं.

एका डिस्कवरच्या दोन फायली

हे सगळं आम्ही पुस्तकी म्हणून सांगत नाही. त्याला एक कारण आहे.

आमच्या विभागात अण्णा म्हणून एक ज्येष्ठ सहकारी होते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातल्या संज्ञांना मराठी प्रतिशब्द ठरवायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं एका वहीत केलं. आम्ही त्यांच्याशी एकेका शब्दावरून तासन्‌तास भांडलो आहोत. सांधेदुखीने त्यांची बोटं वळत नसत. तेव्हा विभागात मराठी टायपिंगचं एक पॅकेज होतं आणि त्यात लघुरूपांची सोय होती: दोनतीन अक्षरं मारली की पूर्ण शब्द उमटायचा. अण्णांनी इंग्रजी संज्ञेची पहिली अक्षरं आणि त्यापुढे आपण ठरवलेला मराठी शब्द, अशी सुमारे चारशे लघुरूपं भरली. पुढे अण्णा गेले. त्यांच्या घरच्यांनी जागा बदलली, त्यात ती वही हरवली. युनिकोड आलं, तेव्हा विभागातलं ते पॅकेजही आम्हीच काढून टाकलं.

आमच्या निवृत्तीच्या वर्षी तो जुना काँप्युटर भंगारात जायचा होता. एक विद्यार्थी मदतीला आला. त्याने साफसफाईचा एक प्रोग्रॅम चालवला, आणि मालक नसलेल्या फोल्डरांची लांबलचक यादी पडद्यावर आली. तो म्हणाला, "सर, सगळा कचरा आहे, उडवू का?" आम्ही म्हटलं, "थांब रे, जरा बघू दे." त्यात त्या टायपिंग पॅकेजच्या नावाचं एक फोल्डर होतं आणि आत एकच फाईल. उघडली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. त्या काळी मराठी फाँट आपापल्या सांकेतिक क्रमांकांवर चालायचे. पॅकेज काढलं तेव्हा त्याचे फाँट यादीत होते म्हणून गेले. लघुरूपांची फाईल यादीत नव्हती, कारण ती अण्णांनी नंतर केलेली, म्हणून ती राहिली. कार्यालयातल्या दुसऱ्या एका यंत्रावर तो फाँट अजून होता. तिथे नेऊन उघडली आणि ओळीमागून ओळ अण्णांचे शब्द दिसायला लागले. ज्यांच्यावरून आम्ही भांडलो होतो तेही होते. त्यांनी काही ठिकाणी आमचं ऐकलं होतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता दुसरी बाजू ऐका, कारण गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होईल. त्याच यादीत, त्याच डिस्कवर, दुसऱ्या एका काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचं तात्पुरत्या प्रतींचं फोल्डर होतं. तो प्रोग्रॅम लिहिता लिहिता दर काही मिनिटांनी प्रत ठेवायचा. त्या प्रतींमध्ये पीएचडीच्या प्रबंधांवरचे परीक्षकांचे गोपनीय अहवाल होते. कुणी कुणाच्या प्रबंधाविषयी काय लिहिलं, नावानिशी, सगळं. मूळ फायली आम्ही काळजीपूर्वक पुसल्या होत्या. ह्या प्रती आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. आणि ती डिस्क दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याच्या गाडीत चढणार होती.

एक फाईल ठेवायची होती, दुसरी नष्ट करायची होती. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच: यादीबाहेरच्या, मालक नसलेल्या. 'सगळं पुसून टाका' हा नियम असता तर अण्णांचे शब्द गेले असते. 'काहीच पुसू नका' हा नियम होता, म्हणून अहवाल राहिले. फाईल कुठल्या जातीची, केवढी, कुठल्या तारखेची, ह्यावरून निवाडा होत नाही. ती कुणाची आहे आणि कुणावर परिणाम करते, ह्यावरून होतो, आणि ते माणसालाच ठरवावं लागतं. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून आमची मागणी 'काही मागे ठेवू नका' अशी नाही. 'जे मागे ठेवताय ते सांगून ठेवा' अशी आहे. काढताना एक ओळ दाखवा: तुमच्या ह्या फायली इथे राहिल्या आहेत, ठेवायच्या की पुसायच्या? डेबियनचं ते दोन अक्षरी 'आर-सी' किंवा मारियाडीबीचा तो प्रश्न हेच करतो.

मुद्दाम ठेवलेलं

न सांगता ठेवलं तर काय होतं, त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण २००५ सालचं. सोनी बीएमजी ह्या संगीत कंपनीने काही सीडींवर प्रतबंदीचं सॉफ्टवेअर घातलं होतं. विंडोजवर सीडी लावली की ते यंत्रात जाऊन बसायचं आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाच्या सगळ्या फायली वापरकर्त्यापासून लपवायचं. मार्क रसिनोविच ह्या तज्ज्ञाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर हे उघड केलं. हाताने काढायला गेलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. मग कंपनीने काढण्यासाठी साधन दिलं. ते वेबवरून चालायचं आणि जाताना स्वतःचाच एक भाग यंत्रावर ठेवून जायचं. प्रिन्स्टनच्या एड फेल्टन आणि अलेक्स हाल्डरमन यांनी दाखवलं की त्या उरलेल्या भागामुळे कुठलंही वेबपान त्या यंत्रावर आपला प्रोग्रॅम चालवू शकतं. मूळ दुखण्यापेक्षा औषधच धोकादायक. नोव्हेंबरमध्ये कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

सौम्य उदाहरणही आहे. तीस दिवस फुकट वापरायला मिळणारे काही प्रोग्रॅम जाताना एक खूण ठेवतात, म्हणजे पुन्हा बसवून आणखी तीस दिवस मिळू नयेत. हे आम्ही समजू शकतो. पण तेही आधी सांगायला हवं.

फोनवरचं निराळं गणित

आता तुमच्यापैकी बहुतेकांचा खरा काँप्युटर खिशात असतो. तिथे हा प्रश्न बराच सुटलाय, आणि दुसरीकडे गेलाय.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतःची बंद खोली असते. ॲप काढलं की फोन ती खोली रिकामी करतो. खोलीच वेगळी, त्यामुळे यादीची गरजच उरत नाही. सामाईक जागेत ठेवलेले फोटो, पीडीएफ मात्र राहतात. पूर्वी ॲप्सचा त्या सामाईक जागेत सर्रास वावर असायचा, २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून त्याला बांध घातला गेला. शिवाय अँड्रॉइड ६ पासून अनेक ॲप्सचा थोडा डेटा, प्रत्येकी २५ एमबीपर्यंत, गूगल ड्राइव्हवर आपोआप बॅकअप होऊ शकतो. म्हणून काढलेलं ॲप पुन्हा घेतलं की कधीकधी जुन्या सेटिंग परत येतात.

पण सगळ्यात मोठी उरलेली वस्तू फोनवर नसतेच. ती असते कंपनीच्या सर्व्हरवरचं तुमचं खातं. ॲप काढलं म्हणजे आपण फक्त दार लावून घेतलं. तुमचं नाव, पत्ता, खरेदीचा इतिहास तिकडे जसाच्या तसा. ॲपलने २०२२ च्या जूनअखेरपासून नियम केला की ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते बंद करायची सोयही हवी. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी खातं बंद करायचं, मग ॲप काढायचं. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग खातं बंद करायला पुन्हा ॲप घ्यावं लागतं.

मग करायचं काय?

चार गोष्टी सांगतो. लिहून घ्यायच्या असतील तर घ्या.

एक. काढण्याआधी स्वतःला विचारा, ह्या प्रोग्रॅममध्ये माझं काय आहे? मजकूर, शब्द, हिशोब, पत्ते. ते सगळ्यांना उघडता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून घ्या. फाईल उरली आणि वाचणारा प्रोग्रॅम गेला, तर काय होतं ते आम्ही पाहिलंय.

दोन. फोल्डर हाताने पुसू नका. प्रोग्रॅमचा स्वतःचा अनइन्स्टॉलर वापरा. नाहीतर रजिस्ट्रीतल्या नोंदी, सेवा, ते सामाईक फायलींचे आकडे, सगळं लोंबकळत राहतं.

तीन. नंतर एखादं फोल्डर उरलेलं दिसलं तर लगेच उडवू नका. आत बघा. समजलं नाही तर त्याचं नाव बदलून ठेवा आणि महिनाभर थांबा. काही बिघडलं नाही तर पुसा. रजिस्ट्रीच्या नोंदींच्या मागे मात्र लागू नका. उरलेल्या नोंदी फारशी जागा खात नाहीत, आणि चुकीची नोंद गेली तर यंत्र सुरू व्हायची पंचाईत.

चार. यंत्र विकायचं, द्यायचं किंवा भंगारात टाकायचं असेल तेव्हा मात्र वरचा सगळा संयम बाजूला ठेवा. आपलं हवं ते काढून घ्या आणि संपूर्ण डिस्क पुसून घ्या. नुसतं डिलीट पुरत नाही. ग्रंथालयात पुस्तकाचं कार्ड काढून टाकलं तरी पुस्तक मांडणीवर असतंच ना? साध्या हार्डडिस्कवर डिलीट केल्याने कार्ड जातं. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो आणि जाणकार माणूस तो काढू शकतो. आम्ही ते अहवाल डिलीट करून थांबलो नाही. त्या विद्यार्थ्याने रात्रभर बसून अख्खी डिस्क पुन्हा लिहून काढली.

श्रोत्यांचा प्रश्न

_प्रश्न: सर, मग त्या बाईंचं उत्तर काय? प्रोग्रॅम आहे की नाही?_

त्या बाई आज समोरच बसल्या आहेत, मघाशी आम्ही त्यांनाच विचारलं. फोल्डर उघडून बघितलं का? म्हणाल्या, नाही बघितलं. तर आमचं उत्तर असं: प्रोग्रॅम नाही. त्याच्यामुळे झालेलं काहीतरी आहे. ते तुमचं असू शकेल, त्याचं असू शकेल, नाहीतर निव्वळ कचरा असेल. घरी गेलात की उघडा आणि बघा. पुढच्या वेळी चहाला भेटू तेव्हा आम्हाला सांगा, आत काय निघालं.

अण्णांची चारशे शब्दांची यादी आम्ही युनिकोडमध्ये आणली आहे. त्यातल्या काही शब्दांवर अजून वाद घालता येईल. ज्यांना हवी असेल त्यांनी व्याख्यानानंतर आमच्याकडून मागून घ्यावी.